जाधव : एका आडनावाची जन्मकथा आणि मुशाफिरी



युनियनच्या कार्यकर्त्याने पगारवाढीवर बोलावे, बोनसवर बोलावे. आडनावाच्या इतिहासात त्याने कशाला शिरावे, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. शंका रास्त आहे. मी इतिहासकार नव्हे. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर झाले. परंतु ह्या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही. एका विधवेच्या कागदांनी मला तिकडे ओढले. तेव्हा आधी तीच हकीकत सांगतो.

पंचवीसएक वर्षांपूर्वी आपल्या जालन्यातल्या एका रि-रोलिंग मिलमध्ये जाधव आडनावाचे अकरा कामगार होते. त्यांतील दोघांचे नावही एक, बापाचे नावही एक. एक भट्टीवर, दुसरा कटिंगला. हजेरी-पुस्तकात दोघांच्या ओळी निरनिराळ्या होत्या. परंतु फंडाचे कागद भरताना कारकुनाने 'हा एकच माणूस दोनदा आला आहे' असे समजून दोघांची वर्गणी एकाच खात्यावर टाकली. चार वर्षांनी भट्टीवरचा जाधव वारला. त्याची बायको फंडाचे पैसे मागावयास गेली, तो खाते जिवंत माणसाच्या नावाचे! तिचा अर्ज परत आला. टेबलामागच्या गृहस्थांनी तिला समजुतीच्या स्वरात सांगितले, "बाई, हा तुमच्या भाऊकीतला तंटा आहे. घरात बसून मिटवा."

भाऊकी कसली? मेलेला जाधव मंठ्याकडच्या तांड्यावरचा बंजारा होता, आणि जिवंत जाधव भोकरदनकडचा बौद्ध. दोघांची सोयरीक नाही, गाव एक नाही, कुळाचार एक नाही. एक होते ते फक्त आडनाव. हे आडनाव इतक्या निरनिराळ्या घरांत शिरले तरी कसे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. गेल्या काही वर्षांत वाचून-विचारून जे हाती आले, ते आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम शब्द पाहू. 'जाधव' हा 'यादव' ह्या संस्कृत शब्दाचा लोकांच्या तोंडी झालेला अवतार आहे. शब्दाच्या आरंभी असलेल्या 'य'चा 'ज' होणे हा प्राकृत भाषांचा नियमच. वररुचीने तो आपल्या व्याकरणात नोंदला आहे, हेमचंद्रानेही. शेतकऱ्याला तो व्याकरणाशिवाय ठाऊक असतो. बैलाच्या मानेवरचे जू म्हणजे मूळचे 'युग', त्याला बांधायचे जोत म्हणजे 'योक्त्र', घरातले जाते म्हणजे 'यंत्र', आणि गावची जत्रा म्हणजे 'यात्रा'. त्याच वाटेने यादवाचा 'जादव' झाला. पुढे मराठीने 'द'वर जोर देऊन 'ध' केला. 'पनस'चा फणस आणि 'कीलक'चा खिळा करताना आपल्या भाषेने असाच श्वासाचा जोर लावलेला आहे. गुजरातेत आजही पुष्कळ घरे 'जादव' असेच लिहितात. तेथे 'द' तसाच राहिला. बंगाल्यांनीही 'य'चा 'ज' केला. मराठ्यांच्या इतिहासाचे थोर अभ्यासक जदुनाथ सरकार यांचे नाव म्हणजे आपल्या उच्चाराने यदुनाथच.

आता यादव म्हणजे कोणते यादव? पुराणातला यदू, त्याचे वंशज आणि श्रीकृष्णाची द्वारका ही कथा सर्वांना ठाऊक आहे. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासात यादव म्हटले म्हणजे देवगिरीचे यादव. हा देवगिरी, म्हणजेच दौलताबाद, आपल्या जालन्यापासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस भिल्लम पाचवा स्वतंत्र झाला आणि देवगिरी राजधानी झाली. ह्या राजांच्या शिलालेखांत ते स्वतःस द्वारावती नगरीचे अधीश्वर म्हणवितात. ज्ञानेश्वरांनी १२९० साली आपल्या ग्रंथाच्या शेवटी त्या वेळच्या रामचंद्र राजाचा उल्लेख केला आहे, तोही यदुवंशाचे नाव घेऊनच. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, आणि १३१८ च्या सुमारास हे राज्य संपले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यदूचे नाव सांगणारे राजे एकटे देवगिरीचे नव्हते. कर्नाटकातले होयसळ द्वारावतीचीच पदवी लावीत. म्हैसूरचे वडियार स्वतःस यदुवंशी म्हणवीत. राज्य मिळाले की राजाला जुने, मोठे कुळ लागते. हा जगाचा रिवाज आहे, त्यात कुणाचा अपमान नाही. मात्र कुळाचा अभिमान निराळा आणि कुळाचा पुरावा निराळा.

राज्य बुडाले, तरी नाव राहिले. आपल्या जालन्यापासून तीसेक किलोमीटरवर सिंदखेडराजा आहे. तेथले लखुजी जाधवराव निजामशाहीतले मोठे सरदार, जिजाबाईंचे वडील. हे घराणे आपली वंशपरंपरा देवगिरीच्या यादवांपर्यंत नेते. १६२९ साली दौलताबादच्या किल्ल्यातच निजामशहाच्या दरबारात लखुजींचा मुलांसह व नातवासह खून झाला. ज्या गडाचे नाव कुळाच्या अभिमानात घ्यायचे, त्याच गडावर कुळाचा कर्ता पुरुष पडला! सिंदखेडला त्यांची भव्य समाधी उभी आहे. आपणांपैकी पुष्कळांनी ती बारा जानेवारीच्या गर्दीत पाहिली असेल. एकदा गर्दी नसताना जाऊन पाहावी.

येथून जाधव नावाची मुशाफिरी सुरू झाली. पहिली वाट तलवारीची. ह्याच घराण्यातले धनाजी जाधव स्वराज्याचे सेनापती झाले; १७०८ साली ते वारले. त्यांचा मुलगा चंद्रसेन पुढे निजामाच्या पक्षास मिळाला, आणि एकाच घरातले जाधव दोन छावण्यांत उभे राहिले. वाघोलीचे पिलाजी जाधवराव पेशव्यांच्या फौजेबरोबर माळव्यात व बुंदेलखंडात गेले. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, देवास, तिकडे दक्षिणेत तंजावर, जेथे जेथे मराठी पथके राहिली, तेथे तेथे पथकांतली आडनावे राहिली. त्यांत जाधव हेही एक. बेळगाव, विजापूर, बीदर हा पट्टा तर आपल्या घरालगतचाच.

दुसरी वाट चाकरीची. सरदाराच्या पागेत मोतद्दार असत, पालखीला भोई असत, गडावर महार व रामोशी पहाऱ्यास असत. गावात बलुतेदार होतेच. 'तू कुणाचा?' ह्या प्रश्नाला उत्तर मिळे, 'जाधवांचा.' त्या 'जाधवांचा'चा कित्येक ठिकाणी पुढे 'जाधव' झाला. मात्र सर्व ठिकाणी असेच घडले असे समजू नये. मराठ्यांत जी कुळनावे आढळतात, त्यांतील पुष्कळ कुळे महार, कुंभार, न्हावी, चर्मकार, कोळी अशा अनेक जातींत स्वतंत्रपणे नांदत आलेली आहेत. कुणी दुसऱ्याचे नाव घेतले आणि कुणाचे ते मूळचेच होते, ह्याचा निवाडा घराघराचा कागद पाहूनच करावा लागतो.

तिसरी वाट तांड्याची. लमाण बंजारे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेत देशभर फिरले. त्यांच्यात राठोड, पवार, चव्हाण आणि जाधव अशी मोठी कुळे आहेत. त्यांच्या बोलीत जाधवांचे नाव वडत्या. तेव्हा मंठ्याच्या तांड्यावरचा जाधव आपले कूळ शोधू लागला, तर तो सिंदखेडला नव्हे, वडत्यांच्या गोतात जाऊन पोचेल.

चौथी वाट लेखणीची, आणि तिच्याकडे आपले लक्ष सर्वांत कमी जाते. साधा माणूस पूर्वी आपले नाव, बापाचे नाव आणि गाव एवढ्यावर जन्म काढी. आडनावाची सक्तीची गरज पडली ती शाळेचा दाखला, पलटणीची यादी, जमिनीचे खाते आणि गिरणीचे मस्टर आले तेव्हा. मास्तराने किंवा कारकुनाने विचारले, "आडनाव काय?" समोरच्याने कुळाचे, गावाचे नाहीतर धंद्याचे नाव सांगितले, ते कागदावर चढले आणि पिढ्यांना चिकटले. डॉ. आंबेडकरांचे घराणे मूळचे सकपाळ, गाव आंबडवे; शाळेत नाव 'आंबेडकर' झाले आणि तेच जगात गाजले. १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी यांचे आडनाव लोखंडे.

हे केवळ आपल्याकडेच घडले असेही नाही. इटली देशात १५६३ साली संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर गावोगावच्या चर्चमध्ये जन्म-विवाहाच्या वह्या नीट ठेवल्या जाऊ लागल्या आणि आडनावे पक्की होत गेली. मोटारगाडीमुळे जगाला माहीत झालेले 'फेरारी' हे आडनाव म्हणजे आपले 'लोहार'. उत्तर इटलीत ते 'फेरारी', दक्षिणेत 'फेरारो'. शेवटच्या एका स्वरावरून मुलूख ओळखता येतो. गावोगावी लोहार होता, म्हणून गावोगावी फेरारी झाले. सर्व फेरारी एका बापाची लेकरे नव्हेत. नेपल्सकडे 'एस्पोसितो' हे आडनाव फार. त्याचा अर्थ 'टाकून दिलेले'. अनाथालयाच्या दारात ठेवलेल्या तान्ह्या मुलांना हे नाव लागे. त्या बाळांचा काय गुन्हा होता? पण वहीने दिलेले नाव नातवंडा-पणतवंडांपर्यंत गेले.

नावांच्या सारखेपणाने फसू नये, हे सांगण्यास आणखी दोन उदाहरणे पुरेत. कच्छ-काठेवाडातले जाडेजा हे आपले नाव जाडा ह्या पूर्वजावरून आले असे सांगतात. 'जाधव'शी त्याचा ध्वनी जुळतो, व्युत्पत्ती जुळत नाही. उत्तर प्रदेश-बिहारातले 'यादव' हे आडनाव तर विसाव्या शतकात अहीर, ग्वाला अशा अनेक गोपालक जातींनी एकत्र येण्यासाठी जाणीवपूर्वक धारण केले. त्यांची अखिल भारतीय महासभा १९२४ साली स्थापन झाली. शब्द एकच, पण एकीकडे तो राजघराण्याची आठवण म्हणून आला, दुसरीकडे संघटनेची खूण म्हणून. संघटनेसाठी नाव घेणाऱ्यांविषयी माझ्यासारख्याला ममत्व वाटले, तर आपण हसू नये.

मग जाधवाने आपले मूळ शोधावे कसे? 'जालनेकर', 'परतूरकर' ह्या आडनावांत गाव लिहिलेलेच असते. 'जाधव' गाव सांगत नाही. म्हणून प्रथम जुने गाव विचारावे. मग देवक आणि कुलदैवत विचारावे. कारण एकाच आडनावाच्या घरांत ती निरनिराळी निघतात. आपल्या मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पत्रक आहे, शाळांची प्रवेश-निर्गम पुस्तके आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या नोंदलेल्या सापडतात. बंजाऱ्यांत ढाडी लोक वंश गाऊन सांगतात. आणि सर्वांत आधी घरातल्या म्हाताऱ्या आजीला विचारावे. कागद थांबतात, ती मात्र थांबत नाही.

जाधवांनी नावही थोडे मिळवले नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. दलित घरात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ नरेंद्र जाधव पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि नियोजन आयोगाचे सभासद झाले. सेनापती धनाजी, पहिलवान खाशाबा आणि कुलगुरू नरेंद्र ह्या तिघांचे आडनाव एक. त्याचा अभिमान ज्याला वाटेल त्याने जरूर बाळगावा. त्यासाठी रक्ताचा दाखला लागत नाही.

आता त्या विधवेकडे परत येतो. आम्ही जुनी हजेरी-पुस्तके काढली. एकाच तारखेला, एकाच पाळीत, एक जाधव भट्टीवर हजर आणि दुसरा कटिंगला हजर! एक माणूस एका वेळी दोन ठिकाणी कसा उभा राहील? दोन माणसे आहेत हे सिद्ध झाले. तरी काम अडले, कारण वर्गणीचा हिशेब वेगळा करण्यास जिवंत जाधवाची संमती हवी होती. तो आला. आपल्या खात्यावर आयते जमलेले पैसे त्याने मुकाट्याने नाकारले, बाईच्या शेजारी उभा राहून सही केली, आणि साहेबांनी पुन्हा "तुम्ही नात्यातले का?" असे विचारले तेव्हा म्हणाला, "नाही साहेब, एका मस्टरातले." चौदा महिन्यांनी बाईला पैसे मिळाले.

आपल्याकडे कुणी 'जाधव' म्हणून ओळख दिली की लगेच विचारतात, "कुठले जाधव?" ह्या प्रश्नाचे दोन अर्थ आहेत. एक गाव विचारतो, दुसरा जात विचारतो. मीही तरुणपणी दुसऱ्या अर्थाने तो विचारलेला आहे, एका सभेत, चार माणसांदेखत. समोरच्याची मान खाली गेलेली मला अजून दिसते. आडनावाचा इतिहास वाचून मला कळले ते एवढेच, की त्या प्रश्नाचे उत्तर आडनावात नसतेच. म्हणून मी आता फक्त गाव विचारतो. आपणही गाव विचारावे, आणि कागद भरताना नाव, बापाचे नाव, जन्मतारीख व गाव ही चारही नीट तपासून घ्यावीत. एवढे दोन बदल झाले, तरी आजच्या संध्याकाळी आपण येथे येऊन बसलात त्याचे सार्थक झाले असे मी समजेन.