मंदावलेल्या दिव्याला ताव

गॅलिलिओ यान ५ नोव्हेंबर २००२ रोजी अमाल्थिया या गुरूच्या चिमुकल्या चंद्राजवळून गेलं. गुरूच्या इतक्या जवळ ते आधी कधीच गेलं नव्हतं. गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या प्रोटॉन-इलेक्ट्रॉनांचा मारा तिथे भयंकर असतो. यान आपोआप सुरक्षित अवस्थेत गेलं. नंतर टेप फिरवण्याचा आदेश दिला, तर रेकॉर्डर हलेना.

या टेप रेकॉर्डरवर मोहिमेची सारी मदार होती. यानाचा मोठा अँटेना १९९१ मध्ये छत्रीसारखा उघडायचा होता, तो नीट उघडलाच नाही. लहान अँटेनातून माहिती अगदी थेंबाथेंबाने येई. म्हणून आधी टेपवर साठवायचं आणि मग सावकाश पृथ्वीकडे धाडायचं, अशी रीत पडली. टेप थांबली म्हणजे अमाल्थियाजवळ केलेली मोजमापं तिथेच अडकली.

कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या अभियंत्यांचा संशय तीन बारक्या एलईडींवर गेला. मोटरची चकती किती फिरली, हे त्यांच्या प्रकाशावरून कळे. हे एलईडी गॅलियम आर्सेनाइडचे. या स्फटिकात अणू ओळीने, शिस्तीत बसलेले असतात. वेगवान प्रोटॉन येऊन आदळला की एखादा अणू जागचा उडतो आणि मागे खळगा राहतो. एरवी इलेक्ट्रॉन आणि धनभारित पोकळी भेटली की प्रकाश निघतो. अशा खळग्यापाशी भेटली तर ती ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. दिवा विझत नाही, मंदावतो. तेवढ्यानेच नियंत्रक फसला: चकती जागेवर नाही, असं त्याला वाटू लागलं.

मला या गोष्टीत सर्वांत मोलाचा वाटतो तो पुढचा उपाय. सुटा भाग बदलणं अशक्य. हातात होता फक्त रेडिओ संदेश, आणि तोही पोहोचायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ. अभियंत्यांनी त्याच एलईडींमधून तासन् तास वीज वाहू दिली. लोहार लोखंडाला ताव देतो, तसा हा दिव्याला दिलेला ताव. हललेले काही अणू त्यामुळे आपल्या जागी परतले, उजेड वाढला. सुमारे शंभर तासांच्या या खटपटीनंतर रेकॉर्डर एका वेळी तासभर चालू लागला. मग पुन्हा ताव, पुन्हा थोडी टेप.

गॅलिलिओने तोवर आराखड्यात गृहीत धरलेल्या प्रारणाच्या चौपटीहून अधिक मात्रा सोसली होती. जाड कवच, निवडक सुटे भाग हे सगळं हवंच. पण भाग नेमका कशाने बिघडतो हे जाणणारी माणसं जमिनीवर नसती, तर हा रेकॉर्डर मेला असंच सगळ्यांनी धरलं असतं.

अमाल्थियाची टेपवरची सगळी माहिती पृथ्वीवर पोहोचली. २१ सप्टेंबर २००३ रोजी यान ठरवून गुरूच्या वातावरणात सोडण्यात आलं.