गटाराची लांबी

जमा, खर्च, बाकी, हिशेब, तपशील हे शब्द अरबी-फारसीतून मराठीच्या दप्तरात आले आणि इथलेच झाले. शब्द रुळले, हिशेब मागायची सवय मात्र आपल्या अंगी रुळली नाही.

आमच्या मोहल्ल्यात दर मार्चअखेरीस काहीतरी खोदलं जातं. निधी परत जाऊ नये म्हणून! एका वर्षी गटार झालं. शेजारचे बांगडीवाले चाचा म्हणाले, "कवीसाहेब, झालं हेच नशीब समजा." मी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहितीचा अर्ज दिला. माहिती कशाला हवी, हे सांगावं लागत नाही; तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हा केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. त्याआधी महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा होता, आणि त्यासाठी अण्णा हजारेंना उपोषणाला बसावं लागलं होतं.

मागायचं काय, हे महत्त्वाचं. 'भ्रष्टाचार झाला का?' असं विचारलं तर कोण सांगणार? मागावं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, देयकं आणि मोजमाप पुस्तिका, म्हणजे कचेरीत जिला 'एमबी' म्हणतात ती. झालेल्या कामाची लांबी-रुंदी-जाडी तिच्यात अभियंता नोंदवतो आणि त्यावरूनच बिल निघतं. कलम २ (ञ) प्रमाणे नागरिकाला कामाची पाहणी करता येते, वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुनेही घेता येतात. सिमेंटचा तुकडासुद्धा मागता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

राज्याच्या खर्चाचं परीक्षण नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात. त्यांचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे येतो, मग लोकलेखा समिती खात्याच्या सचिवांना बोलावून जाब विचारते. व्यवस्था चांगली आहे, पण तोवर पैसा बहुधा जाऊन चुकलेला असतो. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटननं १९९४ पासून वेगळी वाट काढली. गावाच्या मधोमध जनसुनावणी घ्यायची आणि हजेरीपट मोठ्यानं वाचायचे. मेलेल्या माणसांच्या नावावरही मजुरी उचललेली निघाली. ती नावं ऐकायला त्यांचेच नातलग समोर बसलेले!

आमच्या एमबीत गटार १४० मीटर होतं. चाचांनी गवंड्याची टेप आणली. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. गल्ली संपली तेव्हा ९६ मीटर भरले. चाचा म्हणाले, "पुन्हा मोजू या, आपलंच चुकलं असेल." पुन्हा मोजलं, ९६च.

लेखी तक्रार दिली. अंतिम बिल निघायचं होतं, त्यातून फरक कापला गेला. १४० मीटरखाली सही करणाऱ्यावर काय कारवाई झाली, असा दुसरा अर्ज केला. तो अपिलात आहे. पुढच्या तारखेला चाचाही येणार म्हणतात, टेप घेऊन.