क्वालालंपूर : दोन दिवस, अम्मींच्या चालीने

हाती दोनच दिवस आणि सोबत गुडघेदुखीने बेजार झालेल्या अम्मी. म्हणून आम्ही आधी नमाजच्या वेळा मांडल्या, मग स्थळे. क्वालालंपूरचे घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. जोहर तिथे दुपारी एकनंतर, मगरिब सातनंतर. त्यामुळे सकाळ चांगली लांबलचक मिळते. फिरणे तेव्हाच उरकावे, दुपारनंतर बऱ्याचदा पाऊस गाठतो.

मुक्काम मस्जिद जामेक स्टेशनजवळ घेतला. क्लांग आणि गोम्बाक नद्यांच्या संगमावरची ही १९०९ सालची मशीद. तिथून पेट्रोनास मनोरे मेट्रोने तिसरे स्टेशन. ४५२ मीटर उंच, आराखडा मात्र इस्लामी आठ टोकांच्या ताऱ्याचा! वर जायचे तिकीट महाग. अम्मी खालच्या बागेतूनच खूश. शेजारच्या मॉलमध्ये नमाजची खोली आहे, तिला तिथे ‘सुराऊ’ म्हणतात. वुजूसाठी वणवण नाही.

दुसरा दिवस मस्जिद नगाराचा. १९६५ च्या या राष्ट्रीय मशिदीचे छत अर्धवट मिटलेल्या छत्रीसारखे, अठरा टोकांचे : तेरा राज्ये आणि इस्लामचे पाच अर्कान. जवळच इस्लामी कला संग्रहालय. इथे अर्धा दिवस हवाच. जगभरच्या मशिदींच्या प्रतिकृतींपुढून पाय निघत नाही.

बातू गुंफांच्या २७२ पायऱ्या आम्ही यादीतून सरळ खोडल्या. त्या वेळात तमिळ मुसलमानांच्या ‘मामाक’ हॉटेलात बसलो. रोटी चनाई आली, तिच्यासोबत डाळ. फेसाळ ‘तेह तारिक’ चहा अम्मींनी दोनदा मागवला.