वसईचे कागद

वसईच्या किल्ल्यातून मराठ्यांनी काय नेलं, असं विचारलं की लोक घंटा मोजतात. नाशिकच्या नारोशंकराची, वाईजवळच्या मेणवलीची, भीमाशंकरची. वसईतल्या आमच्या एव्हरशाईन सिटीतल्या शाळकरी पोरांनाही त्या पाठ असतात. घंटा वाजते, कागद वाजत नाही. म्हणून 1737 ते 1739 च्या पोर्तुगिजांविरुद्धच्या त्या मोहिमेचे कागद कुठे आहेत, हे सहसा कुणी विचारत नाही.

ते पुण्यात आहेत, पुराभिलेखागारात. ही दगडी इमारत 1891 पासूनची, पण जुनी माणसं अजून 'पेशवे दफ्तर'च म्हणतात. कोट्यवधी कागद, बहुतेक मोडीतले, चौकोनी कापडात बांधलेले. त्या गाठोड्याला म्हणायचं रुमाल.

हे सगळं इतिहासाच्या प्रेमापोटी टिकलं असं वाटत असेल तर ते भाबडेपण आहे. 1818 नंतर दफ्तर इंग्रजांच्या हाती पडलं. पुढे इनाम कमिशनला कोणाची जमीन खरी आणि कोणाची बनावट, हे ठरवायचं होतं. 1852 च्या कायद्याने त्या चौकशीला धार आली आणि पुरावा म्हणून जुना कागद मोलाचा ठरला. इनामदार पुष्कळ बुडाले, कागद मात्र तगले. अभ्यासकांना दार मोकळं व्हायला फार वेळ लागला. इतिहाससंशोधक राजवाड्यांसारख्या माणसालाही ते बंदच राहिलं. अखेर गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली 1930 पासून निवडक कागदांचे 45 खंड छापले गेले. वसईच्या मोहिमेची पत्रं त्यांत आहेत.

मोडी पत्र हातात घेतलं की आधी दिसतात पानभर ओढलेल्या आडव्या रेघा. लिहिणारा रेघ आधी मारून घेई आणि मग अक्षरं तिला लटकवत जाई, बोरू शक्य तितका न उचलता. शब्द कुठे तुटतो ते आपणच ओळखायचं. मजकुरात दारूगोळा, सुरुंग, बुरूज, आणि शेजारीच कोणाची तरी प्रकृती. शेवटी 'बहुत काय लिहिणे', आणि लिहिणाऱ्याने खरंच बहुत काही लिहिलेलं नसतं! तारीख म्हणजे 'छ' (चंद्र), एक आकडा आणि मोहरम किंवा सफर असा हिजरी महिना. साल बहुधा नाहीच. वाचणाऱ्याला ते ठाऊकच होतं ना. ते शोधता शोधता संशोधकांचे डोळे गेले.

पलीकडच्या बाजूचे कागद गोव्यात. तिथलं अभिलेखागार 1595 चं. पहिला रखवालदार दियोगु द कोतु हा इतिहासकार. लिस्बनचा पत्रव्यवहार जहाजं मोसमी वाऱ्यांवर आणत-नेत, म्हणून त्या बाडांना नावच पडलं 'मोन्सोंइश'ची पुस्तकं. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी ती आयुष्यभर उलगडली. तिसरी बाजू, म्हणजे दुरून मजा बघणाऱ्या मुंबईकर इंग्रजांची, फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या अभिलेखागारात. वसई रोडहून चर्चगेटची लोकल पकडा, पुढे चालत.

तिन्ही ठिकाणी एकच किल्ला पडतो, पण एकाच दिवशी नव्हे. पोर्तुगिजांनी वसई सोडली 23 मे 1739 ला. इंग्रज अजून जुन्या पंचांगावर, अकरा दिवस मागे. त्यांच्याकडे 12 मे. आणि मराठ्यांच्या पत्रात सफर महिन्यातला एक चंद्र, साल न लिहिलेला.