दुसरं नाटक कुठे बसवायचं?

ऑगस्ट महिन्यात पुण्यात भरत नाट्य मंदिराच्या दारात तासभर उभं राहावं. आत पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी सुरू असते. टेम्पोतून मोजकं सामान उतरतं, कुणी कपड्यांची पिशवी शोधत असतं, कुणी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून वाक्यं घोकत असतं. या गर्दीत संहितेचे चुरगळलेले कागद हातात घेऊन विशीतलं एखादं पोर शेवटच्या सूचना देत फिरत असतं. तोच त्या एकांकिकेचा दिग्दर्शक. महाराष्ट्रीय कलोपासकनं १९६३ साली ही स्पर्धा सुरू केली. मुंबईत आयएनटी आहे, पुण्यातच फिरोदिया करंडक आहे, २०१४ पासून 'लोकसत्ता'ची लोकांकिका आहे. निरनिराळ्या स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकांची 'सवाई' चतुरंग प्रतिष्ठान २५ जानेवारीच्या रात्री भरवतं आणि ती उजाडेपर्यंत चालते. एवढ्या कोवळ्या वयात दिग्दर्शनाची संधी देणारी अशी परंपरा मराठीइतकी दुसऱ्या फार थोड्या भाषांत असेल.

प्रश्न त्यानंतरचा आहे. करंडक उंचावणारी ही मुलं पंचवीस-तिसाव्या वर्षी काय करतात? काही मालिकांच्या लेखनाकडे वळतात, काही नोकरीला लागतात, काही वर्षानुवर्षं निरनिराळ्या महाविद्यालयांच्या एकांकिका बसवत राहतात. पहिली संधी मिळते. दुसऱ्या, तिसऱ्या नाटकापाशी घोडं अडतं. आणि दिग्दर्शक घडतो तो नेमका त्या दुसऱ्या-तिसऱ्या नाटकात, असं माझं ठाम मत आहे.

एकांकिका शिकवते, यात शंका नाही. महाविद्यालयातली तालीम आठवून पाहा. वर्गातले बाक भिंतीला लावलेले, फरशीवर खडूनं दाराची आणि खिडकीची जागा आखलेली, परीक्षेमुळे न आलेल्या मुलाची वाक्यं दुसराच कुणी वाचतोय, आणि दिग्दर्शकाची नजर मोबाइलमधल्या घड्याळावर, कारण वेळेचं बंधन ओलांडलं तर सगळंच मुसळ केरात. मग आवडता प्रसंग कापावा लागतो. पंधरा जणांची मोट बांधणं, पैशांचा हिशेब ठेवणं, कापाकापी करणं हे सगळं तो इथे शिकतो. पण दोन अंकांचा डोलारा सांभाळणं, आपल्या दुप्पट वयाच्या नटाशी वाद घालून त्याच्याकडून काम काढून घेणं आणि पन्नासाव्या प्रयोगातही नाटक शिळं होऊ न देणं स्पर्धा शिकवू शकत नाही. तिथे प्रयोगच मुळी दोन-चार होतात. शिवाय परीक्षकांवर पहिल्या दहा मिनिटांत छाप पाडायची आणि शेवटी धक्का द्यायचा, ही सवय हाडीमाशी खिळते. २०२२ साली परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा बराच वाद झाला. मुलं कमी पडली असं बोललं गेलं. त्यांना पुढचं शिकवायला कोण आहे, हा सवाल मात्र मागेच राहिला.

आपल्याकडे दिग्दर्शक ही स्वतंत्र व्यक्ती तशी उशिरा आली. संगीत नाटकांच्या काळात तालीम मास्तर असत. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'नं 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणलं, तेव्हा नाटकाच्या एकूण बांधणीमागे एक नजर असावी लागते, ही जाणीव ठळक झाली. १९६० साली विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू या मंडळींनी 'रंगायन' उभी केली. विजयाबाई इब्राहिम अल्काझी आणि आदी मर्झबान यांच्याकडे शिकल्या होत्या. पुढे जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या साथीनं त्यांनी ब्रेख्तचं नाटक मराठीत आणलं. नामवंत झाल्यावरही बरोबरीच्या माणसाशेजारी बसून शिकण्याची सोय त्यांनी स्वतःसाठी ठेवली, हे तरुणांनी जरूर पाहावं. ज्या रंगभूमीला विजयाबाईंसारखी दिग्दर्शक लाभली, तिथे आज व्यावसायिक नाटकांच्या जाहिरातीत दिग्दर्शक म्हणून बाईचं नाव शोधावं लागतं, ही मला मोठी खंत वाटते.

दुसऱ्या नाटकाची सोय म्हणजे काय, ते छबिलदासकडे पाहून कळतं. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी १९७१ मध्ये 'आविष्कार' स्थापन केली आणि १९७४ पासून दादर स्टेशनजवळच्या छबिलदास शाळेचं सभागृह प्रयोगांसाठी मिळवलं. शाळेचाच हॉल तो. दिवसा मुलांचा, संध्याकाळी नाटकवाल्यांचा. खुर्च्या आपणच लावायच्या, दिवे आपणच बांधायचे, प्रयोग संपला की सगळं आवरून सकाळच्या शाळेसाठी जागा मोकळी करायची. पण भाडं परवडणारं होतं, तिकीट स्वस्त होतं आणि पडेल नाटकालाही पुढच्या वेळी तारीख मिळत होती. अमोल पालेकरांनी बादल सरकारांचं 'जुलूस' केलं ते इथेच. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून आलेल्या जयदेव हट्टंगडींनी लोर्काच्या नाटकावरून 'चांगुणा' बसवलं ते 'आविष्कार'साठी. छबिलदास सुटल्यावर 'आविष्कार'नं माहीमच्या महापालिका शाळेत बिऱ्हाड मांडलं आणि चेतन दातारसारख्यांची पिढी तिथे कामाला लागली. चळवळ म्हणून आपण छबिलदासचं कौतुक करतो. मला वाटतं त्यातला सर्वांत मोलाचा भाग ती परवडणारी, हमखास मिळणारी जागा हा होता.

'जिगीषा' या नाट्यसंस्थेचा प्रवास या संदर्भात बोलका आहे. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि त्यांचे मित्र औरंगाबादहून मुंबईत आले. 'चारचौघी' १९९१ साली व्यावसायिक रंगमंचावर आलं आणि गाजलं. यानंतर कुलकर्णींनी तशीच चार नाटकं केली असती तर कुणी नावं ठेवली नसती. पण १९९४ मध्ये त्यांनी महेश एलकुंचवारांची 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही तिन्ही नाटकं सलग उभी केली. आठ-नऊ तासांचा हा ऐवज अंगावर घ्यायला कुठला व्यावसायिक निर्माता धजावला असता? पाठीशी उभी राहिली ती 'आविष्कार'. तिशीच्या आसपासच्या दिग्दर्शकावर एका संस्थेनं एवढा भार टाकला.

अलीकडचं उदाहरण नाशिकच्या प्राजक्त देशमुखांचं. 'देवबाभळी' ही स्पर्धांच्या वर्तुळात गाजलेली एकांकिका. तुकोबांची आवली, तिच्या पायात रुतलेला काटा आणि तिची सेवा करायला घरात आलेली लखुबाई, म्हणजे प्रत्यक्ष रखुमाई. २०१७ मध्ये 'भद्रकाली प्रॉडक्शन्स'नं तिचं दोन अंकी संगीत नाटक केलं. या व्यवहारात एक गोष्ट सहज निसटली असती. एकांकिका चालली की निर्माता विषय उचलतो आणि 'आता अनुभवी माणूस बघू' असं म्हणतो. इथे लेखनाबरोबर दिग्दर्शनही देशमुखांकडेच राहिलं. दोन्ही अभिनेत्री, शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी, यांच्याभोवतीही नावाचं वलय नव्हतं. हाताशी मात्र प्रदीप मुळ्ये यांच्यासारखे मुरलेले नेपथ्यकार दिले गेले. नव्या दिग्दर्शकाला असाच आधार हवा असतो. निर्णय त्याचा, बाजूला जाणती माणसं. शेकडो प्रयोग झाले, आणि संहितेला साहित्य अकादमीचा २०२० चा युवा पुरस्कार मिळाला.

शिक्षणाच्या वाटा आता पुष्कळ आहेत. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून आहे, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ पासून. गिरगावात साहित्य संघाच्या वास्तूत ड्रामा स्कूल मुंबई चालतं. पंचविशीच्या आतल्यांसाठी 'थेस्पो' हा महोत्सव १९९९ पासून होतो. केंद्र सरकारची तरुण कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ या वयोगटाला दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये देते, तर २५ ते ४० वयाच्या कलावंतांना अभ्यासप्रकल्पासाठी दरमहा १०,००० रुपयांची कनिष्ठ पाठ्यवृत्ती आहे. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, पुण्याचं साहित्य रंगभूमी प्रतिष्ठान, लागूंच्या रूपवेध प्रतिष्ठानचा तन्वीर नाट्यधर्मी पुरस्कार, हेही आधार आहेत. जिल्ह्याच्या गावातल्या होतकरू मुलांनी या अर्जांकडे पाठ फिरवू नये. मात्र मुंबईत महिन्याला १०,००० रुपयांत खोलीचं भाडंही निघत नाही, हेही त्यांना आधीच सांगायला हवं. म्हणूनच आपले थोर दिग्दर्शक पोटासाठी दुसरं काही करत आले. जब्बार पटेल डॉक्टर, दौंडला दवाखाना चालवणारे. लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक.

जब्बारांच्याच थिएटर अकॅडमीनं एक वेगळं काम केलं होतं, ज्याची आठवण आज फारशी कुणी काढत नाही. १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं सतीश आळेकरांनी दोन योजना राबवल्या. एक नाटककारांसाठी, दुसरी ठिकठिकाणच्या नाट्यसंस्थांच्या विकासासाठी. जवळपास दहा वर्षं! मदत एका प्रयोगापुरती न देता संस्थेला पायावर उभं राहायला वेळ द्यायचा, हे त्यातलं शहाणपण. त्यानंतर त्या आवाक्याचं काही उभं राहिलेलं मला दिसत नाही. विदर्भाच्या पूर्व टोकाला झाडीपट्टीत दिवाळी ते होळी हा नाटकांचा हंगाम असतो, वडसा हे त्याचं केंद्र. तिथला दिग्दर्शक एका हंगामात जेवढे प्रेक्षक बघतो, तेवढे पुण्याच्या प्रायोगिक दिग्दर्शकाला बऱ्याच वर्षांत भेटत नाहीत. या दोघांनी एकमेकांकडे महिनाभर काम केलं तर दोघांनाही केवढं मिळेल!

छोट्या जागा पुन्हा उभ्या राहताहेत, ही समाधानाची गोष्ट. पुण्यात सुदर्शन रंगमंच आहे, 'द बॉक्स' आहे, हिराबागेत श्रीराम लागू रंग-अवकाश आहे. 'आसक्त' किंवा 'नाटक कंपनी'सारखे गट याच शहरात महाविद्यालयीन वयातून पुढे सरकले आणि टिकले, त्यात अशा जागांचा वाटा मोठा आहे. नाशिक, कोल्हापूर, नांदेड, अमरावतीलाही शंभर-दीडशे खुर्च्यांची अशी एकेक जागा पाहिजे.

बाकी मागण्या अवघड नाहीत. व्यावसायिक निर्मात्यांनी प्रत्येक नव्या नाटकात एका तरुणाला सहाय्यक दिग्दर्शक म्हणून रीतसर मानधनावर घ्यावं आणि पहिल्या वाचनापासून पंचविसाव्या प्रयोगापर्यंत ठेवावं. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेत दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळवणाऱ्याला पुढच्या वर्षीच्या नाटकाचा निर्मितिखर्च आणि तालमीची जागा मिळावी; चषक त्यानंतर दिला तरी चालेल. स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांनी विजेत्याला एका ज्येष्ठ दिग्दर्शकाच्या तालमीत दोन महिने बसवावं.

आणि वाचकहो, तुमच्या गावात एखाद्या नव्या दिग्दर्शकाचं दुसरं नाटक लागलं, तर त्याच्या पहिल्या पाच प्रयोगांतल्या एखाद्याला तिकीट काढून जा. परीक्षण छापून येण्याची वाट पाहू नका. तोवर ते बंद झालेलं असतं.