डीबगरचा ताळा

भागाकार बरोबर आला का, हे आपण गुणाकाराने पडताळतो. प्रोग्राममधील दोष शोधणाऱ्या डीबगरचाही असाच ताळा घेता येतो.

एक फंक्शन दुसऱ्याला बोलावते तेव्हा परतीचा पत्ता स्टॅक नावाच्या स्मृतिभागात ठेवला जातो. प्रोग्राम थांबला की डीबगर हे पत्ते वाचून कोणी कोणाला बोलावले याची यादी देतो. यादी चुकली तर दोष भलतीकडेच शोधला जातो.

ताळ्यासाठी स्वतःचा छोटा वाचक लिहावा. इंटेल पद्धतीच्या ६४ बिटी प्रोसेसरवर आरबीपी रजिस्टरमध्ये स्टॅकमधील एक पत्ता असतो. तेथे मागील फंक्शनचे आरबीपी आणि त्यापुढे ८ बाइटांवर परतीचा पत्ता सापडतो. अशी कडी कडी मागे जायचे. त्यासाठी कंपायलरला ही साखळी राखण्यास सांगावे लागते. डीबगर मात्र सहसा कंपायलरने लिहिलेले ड्वार्फ कोष्टक वाचतो. वाटा वेगळ्या, म्हणून ताळ्याला अर्थ.

याद्या जुळल्या नाहीत, तर लगेच डीबगरला दोष देऊ नये. फंक्शनच्या पहिल्या सूचनेवर आरबीपी जुनेच असते. 'अ'ने 'ब'ला व 'ब'ने 'क'ला बोलावले. 'क'च्या पहिल्या सूचनेवर आपल्या वाचकाच्या यादीतून कोण गळेल? आकृती काढून विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.