नज्दचे जुने परगणे

तुवैक ही सुमारे ८०० किलोमीटर लांबीची डोंगररांग मध्य अरबस्तानातून, म्हणजे नज्दमधून, कमानीसारखी वळत जाते. सह्याद्रीप्रमाणेच तिचा पश्चिमेकडचा कडा ताठ आहे आणि पूर्वेकडे पठार हळूहळू उतरत जाते. पठाराच्या घळींतून पावसाचे पाणी ज्या कोरड्या नद्यांत उतरते, त्यांना अरबीत ‘वादी’ म्हणतात. वादीच्या काठी विहिरी, विहिरींभोवती खजुराच्या बागा आणि बागांना धरून मातीच्या भिंतींची गावे, अशी नज्दची वस्ती घडली. एकेका वादीच्या किंवा दरीच्या आसऱ्याने राहिलेल्या गावांच्या समूहाला स्वतंत्र नाव पडले. मराठी वाचकाने हे समूह बारा मावळांसारखे समजावेत. त्यांच्या सीमा कागदावर नव्हत्या, पाण्याने आखलेल्या होत्या.

उत्तरेकडून दक्षिणेकडे ही नावे अशी येतात: सुदैर, महमल, आरिद, खर्ज, अफलाज आणि वादी दवासिर. तुवैकच्या पश्चिमेला वश्म, वायव्येला कसीम, आणि त्याही पलीकडे अजा व सलमा या डोंगरांचा जबल शम्मर. ब्रिटिश हिंदुस्थान सरकारसाठी जे. जी. लॉरिमर यांनी केलेल्या गॅझेटियरचा भूवर्णनाचा खंड १९०८ साली कलकत्त्यात छापला गेला. त्यातही नज्दचे वर्णन याच परगण्यांच्या नावांनी येते.

१९३२ साली सौदी अरेबियाचे राज्य एकत्र झाले. १९९२च्या कायद्याने प्रांतरचनेला आजची चौकट मिळाली. आता देशात १३ प्रांत आहेत, प्रांतांत जिल्हे आणि जिल्ह्यांत केंद्रे. या रचनेत कसीम एकटाच आपले नाव घेऊन प्रांत झाला. जबल शम्मरचा प्रांत झाला, पण त्याला राजधानी हाइलचे नाव मिळाले. बाकीचे बहुतेक परगणे रियाध प्रांतात गेले. हा प्रांत सुमारे ४ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राहून मोठा आहे. खर्ज, अफलाज आणि वादी दवासिर ही नावे जिल्ह्यांना लाभली. सुदैर, वश्म, महमल आणि आरिद या नावांचा मात्र एकही जिल्हा नाही. सुदैरची गावे मजमा, झुल्फी आणि घात या जिल्ह्यांत विभागली गेली, वश्मची शकरा आणि मरात यांत. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि पुढे जळगाव व धुळे ही नावे रूढ झाली, तरी माणूस खानदेशीच राहिला. सुदैरचेही तसेच झाले. सरकारी दप्तरातून निघालेले नावही मोकळेपणाने वावरू शकते, असे इथे दिसते.

याचा सर्वांत बोलका पुरावा सुदैर हाच आहे. मजमाच्या परिसरातील औद्योगिक नगरीला जिल्ह्याचे नव्हे, सुदैरचे नाव मिळाले. तिथल्या १,५०० मेगावॉटच्या सौरवीज प्रकल्पाचेही नाव सुदैरच. त्याच्या उभारणीचे कंत्राट २०२१ साली मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोला मिळाले, त्यामुळे हे नाव भारतीय अभियंत्यांच्या तोंडी आले. राजघराण्याच्या इतिहासातही ते आहे: राजा फहद आणि राजा सलमान यांच्या मातोश्री हस्सा यांचे सुदैरी कुळ घातचे.

आरिद म्हणजे वादी हनीफाचा प्रदेश. दिरइया आणि रियाध या सौदी घराण्याच्या दोन्ही राजधान्या इथल्याच. १८१८ साली इजिप्तचा सेनापती इब्राहिम पाशाने दिरइया उद्ध्वस्त केली आणि १८२४ नंतर सत्ता रियाधला स्थिरावली. दिरइयाचा तुरैफ भाग २०१० साली जागतिक वारसा यादीत गेला, आणि वादी हनीफाच्या पाणथळ जागांच्या पुनरुज्जीवनाला त्याच वर्षी आगा खान वास्तुपुरस्कार मिळाला. आरिद हे नाव आता रियाधच्या उत्तरेकडच्या एका वस्तीपुरते आक्रसले आहे. या भागाचे त्याहून जुने यमामा हे नाव मात्र नव्याने उचलले गेले. भूगोलकोशकार हमद अल-जासिर यांनी १९५३ साली काढलेल्या नियतकालिकाला ते दिले गेले, आणि १९८५च्या ब्रिटनशी झालेल्या प्रचंड शस्त्रखरेदी करारालाही.

खर्जची ओळख पाण्याची. त्याच्या खोल नैसर्गिक कुंडांवर यंत्राने शेती भिजवण्याचे प्रयोग राजा अब्दुलअझीझच्या काळातच झाले. १९५१ साली सुरू झालेला दम्माम–रियाध लोहमार्ग खर्जवरून नेला गेला. आज तिथे वाळवंटाच्या मधोमध हजारो दुभत्या गाईंचे गोठे आहेत. या समृद्धीची किंमत भूजलाने मोजली आहे. शेजारच्या अफलाजचे तर नावच ‘फलज’ म्हणजे जमिनीखालच्या पाटावरून आलेले. त्याच्या लैला या मुख्य गावाजवळची तळी विसाव्या शतकाच्या अखेरीस उपशाने आटली. लैला-मजनूच्या कथेतला तौबाद डोंगर याच परगण्यात दाखवतात. पाणी संपलेल्या परगण्याकडे आज लोकांना ओढून आणते ती ही कथा.

वश्मातील उशैकिर हे अनेक नज्दी घराण्यांचे मूळ गाव. त्याची जुनी मातीची घरे आता सांभाळून दुरुस्त केली आहेत. प्रशासनाचे केंद्र शकरा असल्याने विद्यापीठालाही त्याच गावाचे नाव मिळाले, तरी रियाधमध्ये वश्मच्या नावाचा रस्ता आहे.

कसीमला बुरैदा आणि उनैझा ही दोन तोलामोलाची शहरे लाभली. इथले उकैलात व्यापारी उंटांचे तांडे घेऊन इराक, शाम (सीरियाचा प्रदेश) आणि इजिप्तपर्यंत जात. उनैझाच्या बस्साम घराण्याचा व्यापार मुंबईपर्यंत पोचला होता. आता बुरैदाला भरणाऱ्या बाजारात सुक्करी खजूर विकला जातो आणि त्याची ओळख गावाने नव्हे, कसीमच्या नावाने होते.

या साऱ्या नावांचे खरे जतन भूगोलकोशकारांनी केले आहे. हमद अल-जासिर यांच्या पुढाकाराने देशाच्या भूगोलकोशाचे काम सुरू झाले तेव्हा नज्दचे बरेचसे काम जुन्या प्रदेशांनुसार वाटले गेले. यमामा अब्दुल्ला बिन खमीस यांच्याकडे आला, कसीम मुहम्मद अल-उबूदी यांच्याकडे, वरचा नज्द साद बिन जुनैदिल यांच्याकडे. प्रत्येक खंडात विहीर, टेकडी, ओसाड गाव आणि त्यावरची जुनी कविता यांची नोंद अक्षरक्रमाने लागली आहे.